उजेडामागं जाणारं कोकरू

द्वारकाबाई गेल्यापासून सावळाराम मास्तरांना संध्याकाळ नको वाटायची. सकाळ कशीतरी निघायची. आंघोळ, चहा, पेपर, मग शेजारची छबूबाई भाकरी-कालवण आणून द्यायची, ते खायचं आणि जरा आडवं व्हायचं. चारनंतर मात्र काय करावं ते सुचत नसे. सणसरच्या हायस्कुलात त्यांनी उभी हयात विज्ञान आणि कार्यानुभव शिकवला. निवृत्त झाल्यावरची पहिली दिवाळी दोघांनी मिळून केली. दुसऱ्या दिवाळीच्या आधीच ती गेली.

लेक स्वरूपा बारामतीला दिलेली. ती म्हणायची, दादा, इथं येऊन राहा. मास्तर म्हणायचे, तिथंही संध्याकाळ होणारच की.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात त्यांचा जुना विद्यार्थी ऋषिराज घरी आला. भवानीनगरचा पोरगा, बाप साखर कारखान्यात टाइमकीपर. आता तो बारामतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होता.

"सर, सुट्टीत शाळेच्या पोरांचं शिबिर घ्यायचंय," तो म्हणाला. "रोबोट करायचा. पोरांनी स्वतःच्या हातानं."

"मग बारामतीत घे की. तिथं सगळं सामान आहे."

"बारामतीत झालं एक. पण इकडची पोरं तिथं येत नाहीत. पोरींना तर कुणी एसटीत एकटं बसवत नाही. म्हणून म्हटलं, आपणच इकडं यावं. तुम्ही बरोबर पाहिजे."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"मला तरी कुठं सगळं कळतंय, सर. पोरं आवरायला कुणीतरी पाहिजे. माझं ऐकत नाहीत ती."

मास्तर हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, ते छबूबाईनं भिंतीपलीकडून ऐकलं आणि संध्याकाळी न मागता पिठलं पाठवलं.

जागेचा प्रश्न होता. शाळेच्या खोल्यांना नवं पत्र्याचं छप्पर घालायचं काम चाललं होतं. गावात सोसायटीचं जुनं गोडाऊन रिकामं पडलं होतं. रस्त्याकडेला नवं बांधल्यावर जुन्यात कुणी जात नव्हतं. मास्तर सोसायटीचे चेअरमन शंभूराज आबा यांच्याकडे गेले. आबा वयानं मास्तरांच्या बरोबरीचे, बोलायला मोकळे, पण कोणतीही गोष्ट सहजी द्यायची त्यांना सवय नव्हती.

"धा दिवस घ्या की," आबा म्हणाले. "झाडून मात्र तुमीच घ्यायचं."

"आबा, मी कायमची मागायला आलोय."

"कायमची? कशाला?"

"शिबिर संपलं तरी पोरं संध्याकाळी येतील. काहीतरी करत बसतील. मी बसेन त्यांच्यात."

आबांनी मास्तरांकडे नीट पाहिलं. मास्तर संध्याकाळी सोसायटीच्या पायरीवर एकटेच बसलेले असतात हे त्यांना दिसत होतं.

"बारामतीचा एक खतवाला मागं लागलाय त्या गोडाऊनसाठी," ते म्हणाले. "पंचांचं मत त्याला द्यावं असं हाय. असं करू. शेवटच्या दिवशी आमी समदे येतो. तुमचं मशीन चालतं का बगतो. पोरं नुसती दंगा करत असतील तर खत बरं. काय?"

"चालेल," मास्तर म्हणाले. घरी येताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ती खोली फार हवी आहे. इतकं काही हवं असण्याची त्यांना सवय राहिली नव्हती.

शिबिराला पंधरा-सोळा पोरं आली. सणसरची बरीचशी, थोडी भवानीनगरची, कारखान्याच्या कॉलनीतली. दोन भाऊ पार पळसदेवहून मामाकडं राहायला आले होते, त्यांनाही मामीनं पाठवून दिलं, घरात ऊतमात नको म्हणून.

ऋषिराजनं पहिल्या दिवशी नमुना म्हणून एक यंत्र आणलं. हातभर लांबीची लाकडी पाटी, तिला दोन चाकं, पुढं कपाटाखाली लावतात तसलं एक गोटीचं चाक, वर सेल, वायरी आणि पुढच्या टोकाला दोन बारीक गोल बटणं. बिरदेव नावाचा सातवीतला पोरगा ते खालून-वरून बघत राहिला.

"सर, मानूस कुठाय ह्येच्यात?"

"कसला माणूस?"

"तुमी यंत्रमानव म्हनला न्हवं. ह्यो तर पाट हाय. जेवाय बसायचा."

पोरं हसली. ऋषिराजनं दारं-खिडक्या लावायला सांगितल्या, अंधार केला आणि हातातल्या बॅटरीचा उजेड यंत्रावर टाकला. यंत्र हललं. तो बॅटरी घेऊन मागं सरकत गेला तसं ते त्याच्या मागं आलं. तो डावीकडं वळला, तेही वळलं. पोरं वाट देत भिंतीकडं सरकली.

मग त्यानं समजावून सांगितलं. ती दोन बटणं म्हणजे यंत्राचे डोळे. त्यांना फक्त उजेड कळतो. डाव्या डोळ्यावर उजेड पडला की उजवं चाक फिरतं, उजव्या डोळ्यावर पडला की डावं. दोन्हीवर सारखा पडला की दोन्ही चाकं फिरतात आणि गाडी सरळ जाते. उजेड ज्या बाजूला, त्या बाजूला ती आपोआप वळते.

"आता हे मी घेऊन जाणार," ऋषिराज म्हणाला. "तुम्ही तुमचं करायचं."

मास्तरांनी एक नियम घातला. पोरांच्या यंत्राला मोठ्या माणसानं हात लावायचा नाही. विचारलं तर सांगायचं, पण हात मागं बांधून. नियम त्यांचा नव्हता खरं तर, द्वारकाबाईचा होता. लग्नानंतर पहिली काही वर्षं घरातला फ्यूज गेला की मास्तर तो बसवायचे आणि ती चिमणी धरून उभी राहायची. एकदा तिनं चिमणी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, आता तुम्ही धरा, मी तार घालते, आणि मधे बोलायचं नाही. तिला वेळ लागला. मास्तरांचे हात शिवशिवत होते, पण ते गप्प राहिले. पुढं आळीत कुणाचा फ्यूज गेला की लोक मास्तरांना नव्हे, द्वारकाबाईला हाक मारत. ती पदर खोचून जायची आणि येताना चहा पिऊन यायची.

पोरांनी गावातून सामान गोळा केलं. मोडक्या टेपरेकॉर्डरच्या मोटारी, गोळ्यांच्या बरणीची झाकणं, सायकलच्या ट्यूबचे तुकडे. डोळे आणि लहानसहान भाग ऋषिराज पुण्याहून आणायचा. तीन-चार गट झाले. त्यात प्रतिक्षा कोळेकर आणि बिरदेवचा गट जरा पुढं होता. प्रतिक्षा आठवीत होती, कमी बोलायची आणि बिरदेवला जास्त बोलू द्यायची नाही.

"चाक वाकडं बसलंय," ती म्हणायची.

"तुझी नजर वाकडी हाय."

"मग चालवून बग."

चालवलं की गाडी भिंतीला जायची. बिरदेव मुकाट्यानं चाक काढायचा.

प्रतिक्षाची आजी भामाबाई तिला रोज सोडायला यायची आणि परत जायची नाही. दाराशी बसून राहायची. कोळेकरांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. भामाबाईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं कोकणपट्टीला जाण्या-येण्यात गेलं होतं. आता कालव्याच्या पाण्यावर ऊस होता आणि दावणीला दोन शेळ्या तेवढ्या उरल्या होत्या.

"मास्तर, ह्ये बारकं काय बनिवत्यात पोरं?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं.

"उजेडामागं जाणारी गाडी, मावशी."

"उजेडामागं म्हंजी? त्येला दिसतं व्हय?"

"हां. ते बघा, पुढं दोन डोळे आहेत."

भामाबाई उठून जवळ आली आणि वाकून बघू लागली. डोळे आहेत म्हटल्यावर तिचं त्या पाटीकडं बघणंच बदललं. तीन-चार दिवसांनी प्रतिक्षाच्या गटाचं यंत्र पहिल्यांदा हललं, लटपटत दोन हात गेलं आणि थांबलं, तेव्हा ती म्हणाली, "नुकतं जल्मलेलं कोकरू असंच चालतं." तेव्हापासून त्या यंत्राचं नाव कोकरू पडलं. इतर गटांना राग आला, पण त्यांच्या यंत्रांना कुणी नाव देईना.

शेवटच्या दिवशी सकाळी कोकरू झकास चाललं. प्रतिक्षानं बॅटरी घेऊन त्याला खोलीभर फिरवलं, पोती ठेवायच्या जुन्या फळ्यांमधून नेलं, दाराशी आणलं. ऋषिराज म्हणाला, "पंचांसमोर हेच पहिलं दाखवू." दुपारी पोरं घरी जेवायला गेली. खोलीत भामाबाई तेवढी राखण बसली. मास्तरांनी घरी जाऊन धुतलेला सदरा घातला. आरशात बघताना त्यांना वाटलं, आपण मुलगी दाखवायला निघालोय.

चारच्या सुमाराला शंभूराज आबा पंचांना घेऊन आले. आईबापं आली, बायका दाराशी उभ्या राहिल्या. खतवालाही आला होता. त्यानं भिंतींना हात लावून ओल आहे का बघितलं. ते मास्तरांना आवडलं नाही.

ऋषिराज दोन शब्द बोलला. खिडक्या लावल्या. प्रतिक्षानं कोकरू खाली ठेवलं, बटण दाबलं आणि समोरून बॅटरी धरली.

कोकरू हललं आणि गर्रकन डावीकडं वळलं. वळतच राहिलं. प्रतिक्षा बॅटरी घेऊन उजवीकडं गेली, डावीकडं गेली. जरा उजेड लागला की ते जागच्या जागी डावीकडंच गोल फिरायचं.

"घाण्याचा बैल केलाय का रं?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

"मेंढराच्या डोक्यात किडा गेला की ते असंच गरगर फिरतं," भामाबाई काळजीनं म्हणाली. "तसलं न्हाय वाचत."

"म्हातारे, गप बस की," बिरदेव रडकुंडीला येऊन म्हणाला.

शंभूराज आबा मास्तरांकडं झुकले. "तुमीच बगा की जरा. पोरांचं काय खरं हाय. आमालाबी पुढं जायाचंय."

मास्तरांना वाटलं, एकदा वाकावं. चाकाजवळची वायर सुटली असेल, बोटानं दाबली की झालं. खोली त्या वायरीवर अडली होती. खतवाला दारात उभा राहून घड्याळ बघत होता. मास्तरांनी हात पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं.

"पोरांनी केलंय, पोरंच बघतील," ते म्हणाले. "थोडं थांबा, आबा."

ऋषिराज पुढं निघाला होता, तोही थांबला.

प्रतिक्षानं कोकरू उचलून उलटं केलं आणि मांडीवर घेतलं. बिरदेवनं बॅटरी धरली.

"डावं चाक फिरत न्हाय," तो म्हणाला. "मोटार गेली. मी म्हनलं हुतं ती टेपची मोटार जुनी हाय."

"गप. सेल दे."

तिनं एक सेल घेतला, वायरीची दोन टोकं थेट डाव्या मोटारीला लावली. डावं चाक भिरभिर फिरलं.

"मोटार चांगली हाय," ती म्हणाली. ती कुणाकडं बघत नव्हती. "आता वायरी बदलू. ह्या डोळ्याची तिकडं, तिकडची हिकडं."

बिरदेवनं वायरी अदलाबदल केल्या. तिनं उजेड टाकला. आता डावं चाक फिरलं आणि उजवं बंद झालं.

दाराशी असलेल्या बायका आत सरकल्या होत्या. एक पंच जवळ येऊन उकिडवा बसला होता. प्रतिक्षानं दोन्ही वायरी बोटानं चाचपून बघितल्या.

"मग मोटारीत बी न्हाय, वायरीत बी न्हाय," ती हळू म्हणाली. "उजव्या डोळ्यातच हाय काहीतरी."

तिनं यंत्र वळवून पुढचं टोक तोंडासमोर आणलं. बॅटरी जवळ धरली. मग बोट जिभेला लावून उजवा डोळा पुसला आणि बोट उजेडात बघितलं. बोट काळं झालं होतं.

"आज्जे," ती म्हणाली, "काय घातलंस ह्येच्या डोळ्यात?"

सगळी खोली भामाबाईकडं वळली. भामाबाईनं पदर सावरला.

"काय घालायचं? काजळ."

"काजळ?"

"मग? एवढ्या मानसांत न्यायचं लेकरू, आन डोळं कोरडं? कुनाची नजर कशी असती, सांगावं का? तू बारकी हुतीस तवा तुजं डोळं मी कधी कोरडं ठेवलं न्हाईत."

"आन दुसऱ्या डोळ्यात का न्हाय घातलं मग?"

"घालनारच हुते. तवर ह्यो बिरदेव आला वराडत."

आधी आबा हसले, मग पंच, मग सगळेच. बायकांत तर एकमेकींच्या अंगावर पडून हसणं चाललं. ऋषिराज भिंतीला टेकून हसत होता. भामाबाईला कळेना की हसण्यासारखं काय झालं. ती मास्तरांना म्हणाली, "तुमीच सांगितलं न्हवं डोळं हायत म्हनून?"

"मीच सांगितलं, मावशी," मास्तर म्हणाले. "तुमचं काही चुकलं नाही."

प्रतिक्षानं ओल्या चिंधीनं डोळा पुसून काढला, वायरी पुन्हा होत्या तशा केल्या आणि कोकरू खाली ठेवलं. ते सरळ उजेडामागं निघालं. तिनं त्याला फळ्यांमधून नेलं, पंचांच्या पायांजवळून नेलं आणि आजीच्या पुढ्यात आणून उभं केलं. भामाबाईनं दोन्ही हात त्याच्यावरून ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. त्याला कुणी हरकत घेतली नाही.

बाकीच्या गटांची यंत्रंही चालली, एक भिंतीला धडकलं. लोक पांगले. आबा मात्र एका फळीवर बसून राहिले. त्यांनी मास्तरांना शेजारी बसवून घेतलं.

"मास्तर, एक सांगू का? ते मशीन फिरलं त्याचं मला लई कवतिक न्हाय. जत्रेत चावीवर फिरनाऱ्या गाड्या मिळत्यात."

मास्तरांनी सदऱ्याची बाही सारखी केली.

"पन माझ्या विहिरीवरची मोटार बंद पडली की आमच्यात काय हुतं, ठाव हाय? म्या पोराला शिव्या देतो, पोरगं गड्याला देतं, गडी मोटारीला लाथ घालतो. मग भवानीनगरहून फिटर बोलवायचा. त्यो येस्तवर ऊस वाळतो. ही पोरगी एवढे लोक हसत असताना एक-एक बाजूला काढत गेली. ह्येच्यात न्हाय, त्येच्यात न्हाय. असं बगायचं असतं ह्ये मला कुनी दावलंच न्हाय." त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "खोली देतो तुमाला. पन अर्धी."

"अर्धी?"

"त्यो खतवाला दारापर्यंत आलाय, पंचांनी त्याला शब्द दिल्यागत केलंय. त्याला न्हाय कसं म्हनू? मागल्या अर्ध्यात खत, फुडल्या अर्ध्यात पोरं."

"वास येईल, आबा."

"पोरांच्या घरात काय अत्तर असतंय का?"

मास्तरांनी विचार केला. पुढच्या अर्ध्यात दोन खिडक्या होत्या. दार पुढंच होतं. "चालेल," ते म्हणाले.

प्रतिक्षा कोपऱ्यात सेल काढून ठेवत होती. आबांनी तिला हाक मारली.

"ए पोरी. माझी मोटार बगशील का, बिगडली की?"

"विहिरीवरची न्हाय येत मला, आबा. ती मोठी हाय. करंट लागतो तिला."

"मग कवा येईल?"

तिनं मास्तरांकडं बघितलं. मास्तर म्हणाले, "आधी दुरून बघायला शिकू. मेन स्विच बंद करून. मग बघू."

ऋषिराज त्या रात्रीच्या एसटीनं बारामतीला गेला. जाताना म्हणाला की महिन्यातून एखाद्या रविवारी येत जाईन, सामान आणेन. मास्तरांनी त्याला स्वरूपासाठी निरोप दिला. काय सांगू, असं त्यानं विचारलं. मास्तर म्हणाले, "सांग, दादांना सवड नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तर झाडू घेऊन गोडाऊनवर गेले, तर दारात टेम्पो लागलेला. हमाल पोती आत वाहत होते. पोरं आधीच जमली होती आणि भांडण पेटलेलं होतं. बिरदेवनं कबड्डीच्या मैदानाला टाकतात तशी फक्कीची रेघ खोलीच्या मधोमध ओढली होती आणि तिच्यावर पाय फाकून उभा होता. तीन-चार पोती रेघेच्या अलीकडं पडली होती.

"आवं, गोदामात काय रेघा वढत्यात व्हय?" हमालांचा मुकादम म्हणत होता. "सरका, पोरांनो. जागा लई हाय."

"न्हाय सरकत," प्रतिक्षा म्हणाली. "मास्तरास्नी इचारा."

मुकादम मास्तरांकडं वळला. बिनइस्त्रीचा सदरा, हातात झाडू, असा म्हातारा माणूस बघून तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तात्या, चार पोत्यानं काय फरक पडतोय?"

मास्तरांनी झाडू भिंतीला लावला. रेघेपाशी जाऊन वाकून बघितलं. रेघ नीट मधोमध होती, पोरांनी मोजून ओढलेली दिसत होती.

"पडतो," ते म्हणाले. "इथं टेबल लागणार आहे आमचं. ही पोती मागं घ्या."

"आमचं म्हंजी?"

"आमचं म्हणजे ह्यांचं आणि माझं. घ्या मागं, बाकीची आणताना मी दार धरतो."

मुकादमानं हमालाला खूण केली. पोती एकेक करून रेघेपलीकडं गेली आणि पोरं चपला काढून आत शिरली.